भिंगारदिवे – व्ही की डब्ल्यू?

४ जुलै १९९९, रविवार

नाही सापडला. शेवगावहून पहाटेची गाडी, करंजीचा घाट, माळीवाडा स्टँडपासून अर्धा तास पायपीट, आणि शेवटी काय, तर पडद्यावर एक इंग्रजी ओळ. काही मिळालं नाही!

पेपरात आलं होतं, इंटरनेटवर म्हणे जगातला कुठलाही माणूस सापडतो. म्हटलं, जगातला सापडतो तर तिसगावचा का नाही सापडणार? नगरला गोरक्षभाऊ म्हणून एकांचं एसटीडी बूथ होतं, आता तिथे चार कॉम्प्युटर मांडलेत. पन्नाशीचे आहेत, स्वभावाने बरे. त्यांनी पडद्यावर एक चौकट दाखवली. म्हणाले, "काय पाहिजे ते इथं लिहा."

मी लिहिलं. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरुवात केली. विषय लिहिला, विनंती लिहिली, खाली सही, गाव, तालुका, जिल्हा. सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, कुणाकडे काही मागायचं म्हणजे अर्ज – दुसरं येतंय काय मला! गोरक्षभाऊ मागे उभे राहून वाचत होते. "मॅडम, तिथं कोणी साहेब बसलेला नाही. नुसतं नाव टाका." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाकलं नाव. भीमराज रंभाजी भिंगारदिवे. माझा धाकटा भाऊ. नव्वदच्या दिवाळीत घरातून गेला तो गेला. चौऱ्याण्णवला आईच्या नावावर एक कार्ड आलं, कॅनडाचं तिकीट, पुढे कुठल्याशा पुलाचं चित्र, मागे 'बरा आहे' एवढंच. पत्ता नाही. आई त्या कार्डावर दोन वर्षं जगली आणि गेली.

आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मार्चमध्ये लकवा झाला, तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर तेही जाईल. आणि आप्पांचं एकच – "भीमराजशी बोलायचं हाय. तोंड हाय तवर." काय बोलायचंय ते सांगत नाहीत. कुठे गेले होते हे मी त्यांना सांगितलं नाही. ट्रेनिंग म्हटलं.

५ जुलै

आप्पांनी विचारलं, "झालं का ट्रेनिंग?" झालं म्हटलं.

११ जुलै, रविवार

परत गेले. रात्री अंथरुणात एकदम लक्षात आलं होतं, स्पेलिंग चुकलं असणार! भिंगारदिवेतला 'व' व्ही की डब्ल्यू? 'दि' चा आय की डबल ई? भीमराजला 'भी' मध्ये आय की ई-ई? रंभाजीला एन की एम? एका वहीच्या पानावर सगळे प्रकार मांडले. बावीस झाले. मुलांना शुद्धलेखनासाठी छड्या मारणारी मी, आणि स्वतःच्या माहेरचं नाव मला लिहिता येत नाही. वा!

एकेक टाकत गेले, एकेक खोडत गेले. चौदाव्याला एक भिंगारदिवे सापडले! पान उघडायला पाच मिनिटं लागली. वरून खाली हळूहळू उतरत होतं, आधी कपाळ दिसलं, मग चष्मा. कुठल्याशा बँकेचे अधिकारी. साठीचे. आपले नव्हेत. मला त्या बिचाऱ्या माणसाचा इतका राग आला!

बावीसही संपले. नाही.

१८ जुलै, रविवार

लाइन लागली नाही. दीड तास नुसतं किर्र-किर्र ऐकलं. मग वीज गेली.

गोरक्षभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमी तिसऱ्यांदा आलात. लोक तिसऱ्यांदा येत न्हाईत. पहिल्या दिवशी येतात ते स्वतःचंच नाव टाकतात. सापडत न्हाई. मग तोंड पाडून जातात, परत फिरकत न्हाईत."

स्वतःचं नाव! मला सुचलंही नव्हतं. मी कुठे असणार आहे त्यात.

आता बास. मीही नाही जाणार. काकासाहेब – आमचे हे – बाजार समितीत दिवसभर तोलाईत उभे असतात, रविवारी एक दिवस बायको घरी असावी असं त्यांनाही वाटत असेलच की. बोलत नाहीत, भाकरी स्वतः थापून घेतात. तशी वेडीवाकडी भाकरी जिल्ह्यात कोणी थापत नसेल.

२५ जुलै, रविवार

गेले नाही. सकाळी बघते तर आप्पा ओट्यावर. धुतलेला सदरा, डाव्या हाताने कशीबशी लावलेली बटणं, एक वर एक खाली. मला म्हणाले, "आज ट्रेनिंग न्हाई?"

नाही म्हटलं.

"बरं," म्हणाले. दुपारपर्यंत सदरा काढला नाही. म्हातारा सगळं ओळखून होता! मी दर रविवारी कशासाठी जाते, आणि येताना तोंड का पडलेलं असतं, सगळं.

१ ऑगस्ट, रविवार

गेले. का गेले? एखाद्या कचेरीत कोणी तीनदा नाही म्हटलं तर मी चौथ्यांदा त्याच्या पायरीवर थुंकणारही नाही. मग इथे का जाते? येताना गाडीत हाच विचार. खिडकीशेजारची बाई तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, मी नुसती हुं हुं करत होते.

मला वाटतं, माणूस नाही म्हणतो तेव्हा दार बंद होतं. हे यंत्र नाही म्हणतं तेव्हा वाटतं, चूक माझीच. एखादं अक्षर. तो तिथे असेलच, मीच नीट हाक मारली नाही. हे वाटणंच मला मारतंय. नाही म्हणजे नाही असं एकदा कोणी खणखणीत सांगितलं तर मी घरी बसून मोकळेपणाने रडेन तरी.

आज नुसतं भीमराज टाकलं. मग पूल, मग कॅनडा. लाखभर पानं आली. एक तासात अकरा बघून झाली.

१५ ऑगस्ट, रविवार

सकाळी झेंडावंदन. घरी आले तर आप्पा न्हाणीत पडलेले. झटका नाही म्हणाले डॉक्टर, पाय घसरला. पण बोलणं आणखी जड झालंय. 'पाणी' म्हणायला तोंड दोन-तीनदा उघडावं लागतं.

भीम्या, कुठे मेलास रे तू? नको, मेलास नको. कुठे आहेस.

२२ ऑगस्ट, रविवार

आज नगरला निघताना आप्पांनी पदर धरला. "कंच्या नावानं हुडकतीस?"

म्हटलं, कुठल्या म्हणजे? भीमराज रंभाजी भिंगारदिवे.

म्हणाले, "त्या नावानं न्हाई सापडायचा."

आणि नऊ वर्षांनी सांगितलं! एकेक शब्द ओढून काढत. पुण्यात भीमराजला खोली मिळत नव्हती. आडनाव सांगितलं की घरमालकाला अचानक भाचा राहायला यायचा. सहा ठिकाणी सहा भाचे. शेवटी त्याने सरकारी राजपत्रात आडनाव बदलून घेतलं आणि दिवाळीला घरी येऊन तो कागद आप्पांपुढे ठेवला. कुठलंसं नदीचं की डोंगराचं आडनाव, ज्यातून काही कळू नये असं. आप्पांनी पुरतं वाचलंही नाही. फाडला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आप्पा चोवीस वर्षांचे होते. गावात मान वर करून पूर्ण नाव सांगितलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढे शाळेत शिपाई झाले तेव्हा हजेरीपटावर सही करायची म्हणून ते नाव दगडी पाटीवर महिनाभर गिरवलं होतं.

"म्या म्हनलं, नाव लाजतंय व्हय तुला? मंग बापाचं बी काढून टाक. माझं नाव लावू नको." आप्पा रडत होते. "त्योच येक शब्द परत घ्यायचा हाय."

मी काय करायला हवं होतं? पाणी द्यायला हवं होतं, पाठीवरून हात फिरवायला हवा होता. मी ओरडले! नऊ वर्षं तुम्ही हे पोटात ठेवलंत, आई कार्ड उशाशी घेऊन मेली तरी ठेवलंत, आणि मी तिकडे व्ही की डब्ल्यू, व्ही की डब्ल्यू करत बसले! शेजारच्या झुंबरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, इतकी ओरडले.

नगरला गेलेच नाही.

२३ ऑगस्ट

आप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, "खरं बोललीस." ते जास्त लागलं.

मी विचारलं, तुम्ही असं म्हणाल्यावर तो काय म्हणाला? तर म्हणाले, "म्हनला, बरं. मंग आईचं लावतो."

आईचं! गीताबाई!

२९ ऑगस्ट, रविवार

भीमराज गीताबाई. भीमराज गीता. डबल ई ने, आय ने, शेवटी एच लावून, न लावून. 'गीता' म्हटल्यावर हजारो पानं आली, सगळी धर्माची आणि पोथ्यांची. आमच्या आईचा त्यातल्या एकाही पानाशी काडीचा संबंध नाही. ती बिचारी तिसगावच्या बाजारात बोंबील विकायची.

गोरक्षभाऊंनी स्वतः बसून तासभर शोधलं. शेवटी खुर्ची मागे ढकलली. "मॅडम, मला वाटतं या मानसाला सापडायचंच न्हाई."

परत येताना घाटात तेच डोक्यात. आपण शोधतोय तो हरवलेला नाही. लपलेला आहे. हरवलेल्याला शोधावं. लपलेल्याला शोधणं म्हणजे त्याचा छळच की.

१२ सप्टेंबर, रविवार

निवडणुकीची ड्युटी, त्याचं ट्रेनिंग, दोन रविवार त्यातच गेले. यादीत लोकांची नावं शोधून शोधून डोळे फुटले. एका म्हातारीचं नाव सापडेना. "नीट बघ माय, म्या हाय त्यात," म्हणत होती. चारदा बघितलं. माहेरच्या नावाने होती.

१९ सप्टेंबर, रविवार

बंद. कायमचं. आज वहीतलं ते पान फाडून चुलीत घातलं. ह्यांना सांगितलं, आता मी रविवारची घरीच. ते म्हणाले, "आप्पांना काय सांगशील?" मी म्हटलं, खरं सांगेन. नाही सांगितलं.

दमले मी. कोणी माझं कधी ऐकून घेतं का? बापाने तोडलं, भाऊ तुटला, आई गेली, आणि मधे मी, दोन्हीकडची टोकं हातात धरून उभी. दोघांनाही मी दिसत नाही. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर एका बाजूला वाकडी झालीय. 'यशोधरा' म्हणता यायचं नाही त्याला, 'धरा' म्हणायचा. आप्पा दटावायचे, "ताई म्हन!" तो मुद्दाम आणखी मोठ्याने, धरा! धरा! जगात मला दुसरं कोणी तसं म्हणत नाही. ह्यांनासुद्धा माहीत नाही ते नाव.

३ ऑक्टोबर, रविवार

आप्पांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे, जुनी कागदपत्रं हवी होती. आईची ट्रंक उघडली. तळाशी तिचं पोस्टाचं पुस्तक. त्यावर सही – इंग्रजी!

विसरलेच होते मी! आईला अंगठा उठवायची लाज वाटायची. भीमराज आठवीत होता, त्याने तिला सही शिकवली. म्हणाला, मराठीत कशाला, इंग्रजीतच शिक, पोस्टमास्तर उठून उभा राहील. गीताबाई शिकवायला बसला. जी आली, आय आली, टी, ए आली. बी काही जमेना. दोन पोटं काढायची, तर तिचं एक पोट कायम रेघेबाहेर. रोज संध्याकाळी त्या बी वरून हसून हसून मुरकुंडी वळायची आमची. शेवटी तो म्हणाला, जाऊ दे, बी आणि तिच्यामागची ए गाळूनच टाकू. तू तशीही आईच आहेस. जी, आय, टी, ए, आय.

गीताई.

उद्या शाळा आहे. पुढचा रविवार दहा तारखेला.

१० ऑक्टोबर, रविवार

एक! फक्त एकच पान आलं! 'भीमराज आर. गीताई.' कॅनडातल्या कुठल्याशा कंपनीत पुलांचा इंजिनिअर. फोटो नाही. नाव, हुद्दा, ई-मेलचा पत्ता. मी खुर्चीवरून उठले, परत बसले, परत उठले. गोरक्षभाऊंनी चहा मागवला, मी तो पालथा केला.

त्यांनी मला तिथल्या तिथे ई-मेल काढून दिला. लिहायला बसले तर हात आपोआप अर्जावर गेला. 'रिस्पेक्टेड सर. मी तिसगावच्या माझ्या भावाच्या शोधात आहे. वडील आजारी आहेत, त्यांची वाचा जात आहे, त्यांना एक शब्द परत घ्यायचा आहे. आपण ते असाल तर कृपया कळवावे. आपली नम्र, सौ. वाय. के. साळवे.' लाजिरवाणं! पण दुसरं काही सुचलंच नाही. आणि तो नसला तर? परक्या माणसापुढे काय म्हणून रडायचं.

घरी येऊन आप्पांच्या कानाशी सांगितलं. गीताई म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग उघडले.

"आर? आर कशाचा?"

मी म्हटलं, आप्पा, रंभाजीचा. दुसरा कशाचा असणार? लावू नको म्हणालात, तरी एक अक्षर ठेवलंय त्याने.

ते डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर काहीतरी गिरवत बसले. आर येत नाही त्यांना.

१७ ऑक्टोबर, रविवार

उत्तर नाही.

२० ऑक्टोबर

दुसरा झटका. काल दसरा, सोनं वाटून लोक परत जात होते तेव्हाच. नगरला दवाखान्यात.

२४ ऑक्टोबर, रविवार

आप्पांना घरी आणलं. दवाखाना आणि गोरक्षभाऊंचं दुकान यात एका चौकाचं अंतर, दोनदा जाऊन आले. उत्तर नाही. कदाचित तो दुसराच कोणी असेल. कदाचित आर कशाचाही असेल.

आता आप्पांकडे एकच शब्द राहिलाय. न्हाई. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द अडकून राहतो. चहा घेता? – न्हाई, आणि पेला ओढून घेतात. दुखतंय का? – न्हाई, आणि डोळ्यांतून पाणी. हो म्हणायचं असलं की मान खाली करून न्हाई म्हणतात. नको असलं की तोंड फिरवून न्हाई. मी आता आवाज ऐकतच नाही, मान बघते.

तो शब्द परत घ्यायचा होता ना. आता घेणार कशाने? उद्या भीमराजचा फोन आला तरी आप्पा त्याला काय म्हणणार – न्हाई? माझ्याच आळसाने झालं हे. सप्टेंबरचे शेवटचे दोन रविवार मी हातपाय गाळून बसले नसते तर आईची ट्रंक पंधरा दिवस आधी उघडली असती. तेव्हा आप्पांना बोलता येत होतं.

२८ ऑक्टोबर

ऊसतोडीला माणसं निघाली. शाळेसमोरून ट्रक गेले, वर भांडी, बकऱ्या, आणि माझ्या वर्गातली अकरा पोरं. जाताना "बाई! बाई!" ओरडत होती. हजेरी घेताना त्यांची नावं मी तरीही पुकारली. सवय.

३१ ऑक्टोबर, रविवार

उत्तर आलंय. इंग्रजीत, चार ओळी. मी आपण म्हणता ते गृहस्थ नव्हे. तिसगावशी माझा काही संबंध नाही. मला बहीण नाही. यापुढे मला लिहू नकोस, धरा.

मी सही सौ. वाय. के. साळवे अशी केली होती. बाकी काही नाही.

आप्पांना वाचून दाखवलं. दोनदा. म्हटलं, आप्पा, आपलाच आहे ना? त्यांनी मान खाली केली. म्हणाले, "न्हाई."